लेगगार्ड नेमके कोणाचे रक्षण करते?

स्मरणिकेसाठी अस्थिविकारांवर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. गुडघेदुखी आणि ठिसूळ हाडे या विषयांवर आपण सर्वांनी पुष्कळ वाचले आहे. म्हणून यंदा थोडी वेगळी वाट धरतो. आपल्या समाजातील अनेक तरुण डॉक्टर, आणि स्वतःला अजून तरुण समजणारे माझ्यासारखे काही ज्येष्ठ, अलीकडे उंच, दणकट, कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या मोटारसायकली बाळगू लागले आहेत. रविवारी पहाटे निघून सांची, भोजपूर किंवा भीमबेटका गाठायचे, दोन दिवस मिळाले तर पचमढीचा घाट चढायचा, असा हा छंद. गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात तिला बाहेरून घेतलेल्या लोखंडी नळ्यांचे संरक्षण बसविण्याची घाई होते आणि मला हमखास विचारले जाते, "सर, लेगगार्ड कोणते चांगले?"

या प्रश्नातील 'लेगगार्ड' हा शब्दच मला खटकतो. पायाचे रक्षण करणारे ते लेगगार्ड, असा सरळ अर्थ मनात ठसतो आणि त्या विश्वासावर माणूस गाडी हाकतो. तो विश्वास कितपत खरा आहे, हे तपासणे हाच या लेखाचा हेतू.

या जातीच्या मोटारसायकलींचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली आर ८० जी/एस ही गाडी आणली आणि १९८१ मध्ये ह्युबेर ऑरिओल यांनी त्याच कुळातील गाडीवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. तेव्हापासून महामार्ग आणि माळरान दोन्ही तुडविणारी गाडी ही कल्पना रुजली. आपल्याकडे २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००, २०२० मध्ये केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर, आणि २०२३ च्या अखेरीस नवी हिमालयन ४५०. या शेवटच्या गाडीचे वजन इंधनासह १९६ किलो आणि जमिनीपासूनची उंची २३० मिलिमीटर आहे. एवढी उंच व जड गाडी उतारावर उभी करताना किंवा पावसाळ्यात आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत वळविताना कधी ना कधी आडवी होणारच. तिचे आडवे होणे हा अपघात नव्हे, तो तिच्या वापराचाच एक भाग आहे.

क्रॅश गार्डचा जन्म या आडवे होण्यासाठी झाला. थोडे गणित करू. उभी गाडी जागच्या जागी कलंडली, तर तिचा गुरुत्वमध्य साधारण ३० सेंटिमीटर खाली येतो असे धरू. १९६ किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा सुमारे ६०० ज्यूल होते. तीच गाडी ७५ किलोच्या चालकासह ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ३७,६०० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे साठपटीहून अधिक. यातील बरीच ऊर्जा घसरण्यात आणि घर्षणात जिरते, हे खरे. पण दोन घटनांची जात वेगळी आहे, हे यावरून ध्यानात यावे. पहिल्या प्रसंगी चांगले गार्ड इंजिनचे आवरण, रेडिएटर, टाकी व गिअरचा दांडा वाचविते. पहाडात, वस्तीपासून दूर हे वाचणे फार मोलाचे असते. कारण फुटलेल्या इंजिनातून तेल गळून गेले, तर गाडी तिथेच संपते. दुसऱ्या प्रसंगी मात्र त्या नळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मग पायाचे काय? या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांनी केला. लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची त्यांच्या चमूने जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध झाला. क्रॅश बारविषयी त्यांचा निष्कर्ष डॉक्टरांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे: घोटा आणि पाऊल यांच्या इजा त्यामुळे कमी होतात, परंतु मांडी, गुडघा आणि पोटरीच्या इजा तितक्याच वाढतात. जमाखर्च बरोबरीत सुटतो.

हे असे का घडावे, ते शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्याला सहज कळेल. गाडी हळू वेगात कलंडली, तर गार्डमुळे ती जमिनीपासून थोडी वर राहते आणि पाय तिच्याखाली चिरडत नाही. हा लाभ खरा आहे. वेगात मात्र शरीर पुढे सरकते, गाडीची दिशा बदलते आणि तीच नळी नडगीला किंवा गुडघ्याला टेकू बनते. हाड टेकूवर वाकविले की मोडते. गाडीवर ओरखडादेखील नाही आणि नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले आहे, असे रुग्ण मी पाहिले आहेत. नातेवाईक कळवळून म्हणतात, "एवढे मजबूत गार्ड होते, तरी असे कसे झाले?" गार्डने आपले काम केलेलेच असते, आपण त्याच्यावर भलतेच काम सोपविलेले असते.

गार्ड बसवूच नये, असे मी म्हणत नाही. माझ्या गाडीलाही ते आहे. मात्र ते कसे बसवावे, यात आपल्याच शास्त्राचे नियम लागू पडतात. फार कडक प्लेट हाडावर बसविली, तर पुढच्या पडण्यात प्लेट शाबूत राहते आणि प्लेटच्या टोकाशी हाड मोडते, हे आपण जाणतो. अतिजाड नळीचे गार्ड जर चेसिसच्या एकाच बिंदूला जोडलेले असेल, तर गार्ड वाकत नाही, चेसिसवरील जोडच तुटतो. गार्ड वाकले तर नवे घेता येते. चेसिस वाकली तर गाडी गेली. म्हणून गार्ड प्रत्येक बाजूस दोन किंवा अधिक ठिकाणी बांधलेले, आणि डावी-उजवी बाजू आडव्या नळीने जोडलेली असावी, म्हणजे धक्का वाटला जातो. चेसिसला वेल्डिंग करून जोडणे सर्वथा टाळावे. तापलेल्या जागी धातू दुर्बल होतो.

बहुतेक गार्ड इंजिनच्याच बोल्टांच्या जागी लांब बोल्ट घालून बसते. अशा वेळी इंजिनखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा आणि एका वेळी एकच बोल्ट काढावा; सगळे एकदम काढले तर इंजिन खाली बसते व भोके जुळत नाहीत. सर्व बोल्ट प्रथम हाताने सैल लावावेत, दोन्ही बाजू सारख्या आल्याची खात्री करावी आणि मग टॉर्क रेंचने, कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळावेत. भोके जुळत नसतील, तर पाना घालून ओढूनताणून बसवू नये; तो ताण रोज इंजिनच्या जोडावर पडत राहतो. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढचा सस्पेन्शन पूर्ण दाबून चाक कुठे लागत नाही ना, हे पाहावे. ऑइल बदलण्याची जागा मोकळी हवी. तीनशे ते पाचशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि एकदा जोरात पडल्यावर ते बदलून टाकावेत.

जुन्या भोपाळातील माझे मिस्त्री हे सारे एका वाक्यात सांगतात, "डॉक्टर साब, ये गाड़ी का हेलमेट है, आपका नहीं।"

इंजिनखालची पत्रा-ढाल विंध्याच्या दगडी वाटांवर फार उपयोगी. मात्र तिच्यात साचलेला चिखल धुवावा. हँडगार्ड घेताना आत धातूचा कणा असलेले व दोन्ही टोकांना बांधलेले घ्यावे. नुसते प्लॅस्टिक वाऱ्यापुरते. चांगले हँडगार्ड ब्रेक-क्लचचे दांडे वाचविते आणि बोटे व तळहाताची हाडेही. ताणून बसण्यासाठी गार्डवर पाय ठेवण्याची सवय मात्र सोडावी. पावसाळ्यात आपल्या महामार्गांवर गुरे बसलेली असतात. ब्रेकपासून पाय दूर असण्याची ती वेळ नव्हे.

कायद्याकडेही दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन ठामपणे अधोरेखित केले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने क्रॅश गार्ड व बुल बारविरुद्ध राज्यांना पत्रही पाठविले होते. त्याचा रोख प्रामुख्याने चारचाकींवर होता. दुचाकीसाठी शक्यतो उत्पादक कंपनीच्याच अधिकृत यादीतील गार्ड घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

आता पैशांचा क्रम. २०२२ या एका वर्षात देशात ७४,८९७ दुचाकीस्वार रस्त्यावर मरण पावले, आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. म्हणून पहिला खर्च आयएस ४१५१ मानकाच्या हेल्मेटवर. दुसरा, घोटा झाकणाऱ्या मजबूत बुटांवर. तिसरा, गुडघा व नडगीच्या कवचावर. त्यावर ईएन १६२१-१ हा शिक्का पाहावा. चौथा हातमोजे व जाकिटावर. गार्डचा क्रमांक पाचवा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा लागतो, कारण गार्ड चारचौघांना दिसते आणि पँटच्या आतील कवच कोणाला दिसत नाही.

माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, जरूर हिंडा. या प्रदेशातील जंगले, लेणी आणि नद्या दुचाकीवरून जशा भेटतात, तशा मोटारीच्या काचेतून भेटत नाहीत. फक्त गाडीला गार्ड बसविण्याआधी स्वतःच्या पायाला कवच चढवा. आपली भेट मंडळाच्या कोजागिरीला व्हावी, माझ्या अपघात विभागात नको, एवढीच या ज्येष्ठाची इच्छा.