पाटाकडेच्या गवतातले जंत

बारामती-इंदापूर हा अवर्षणाचा मुलूख. इथले जिराईत माळ उन्हाळ्यात इतके तापतात, की लेंडीतून बाहेर पडलेल्या जंतांच्या अळ्या तिथे फार दिवस तगत नाहीत. नीरा डाव्या कालव्याच्या चाऱ्यांवर मात्र भर उन्हाळ्यातही गवत हिरवं असतं. मेंढरं तिकडेच ओढ घेतात, आणि अळ्याही तिथेच टिकून असतात. पाऊस पडला, की मग सारा माळच त्यांना मोकळा.

यातला सर्वांत घातक जंत हिमोंकस. मेंढी-शेळीच्या चौथ्या पोटात राहणारा, दोन-तीन सेंटिमीटरचा. मादी नीट न्याहाळली, तर रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडनळीचा पीळ दिसतो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. पाच हजार जंत असले तर रोज पाव लिटर! मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ऊब आणि ओल मिळाली, की आठवडाभरात अळी तयार होऊन दवातून गवतावर चढते. बुडख्यापर्यंत गवत खाणाऱ्या मेंढीच्या पोटात ती सहज जाते. बाभूळ-बोरीचा पाला ओरबाडणारी शेळी वाचते; पण तिलाही गवतावरच ठेवलं, तर ती लवकर खंगते.

हगवण नाही म्हणजे जंत नाहीत, हा समज जिवावर बेततो. हिमोंकसमध्ये हगवण बहुधा लागतच नाही. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहा: लाल असायला हवी, ती फिकी, मग पांढरी पडते. पुढे जबड्याखाली पाणी उतरतं.

सगळ्या कळपाला सरसकट, पुन्हा पुन्हा तेच औषध पाजण्याची सवय मला फार काळजीची वाटते. औषधाला पुरून उरलेल्या जंतांचीच प्रजा त्यातून वाढते. यावर उपाय म्हणून १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत ‘फामाचा’ (FAMACHA) नावाचा तक्ता तयार झाला. पापणीचा रंग पाच छटांशी ताडायचा आणि फिकट जनावरांनाच औषध द्यायचं. डोस वजनावर ठरवायचा. शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून तिचा डोस पशुवैद्यकांना वेगळा विचारायचा.

दुसरी वाट पैदाशीची. जवळच फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीचा सुंदरबनातल्या गारोळ जातीशी संकर केला. त्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी आढळली. पण गारोळ चणीने लहान, त्यामुळे संकरित कोकरांचं वजन कमी भरतं, आणि मेंढपाळाचा पैसा वजनावरच येतो. म्हणून आपल्याच कळपात पापण्यांची नोंद ठेवावी. जी मेंढी औषधाविना पावसाळा काढते आणि कोकरूही चांगलं पोसते, तिच्याच पोटचा नर पैदाशीला राखावा.