बाणाईची पायरी

खंडोबा आमचा कुळदेव. आम्ही धनगर, तेव्हा जेजुरी घरचीच. तिच्याविषयी पुस्तकात पाहावे असे मला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या वर्षी वसतिगृहात गप्पा चालल्या असता एक मैत्रीण सहज म्हणाली, "देवाची खरी बायको म्हाळसा. ती वर देवाशेजारी आहे. तुमची बाणाई दुसरी, म्हणून तर तिला अर्ध्या वाटेवर बसवलीय." सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण उत्तर येत नव्हते.

मैत्रिणीने सांगितले ते दिसायला खरेच आहे. गडाला 'नवलाख पायरी' म्हणतात. मोजल्या तर काही शेच भरतात. वाटेत कमानी, दीपमाळा, आणि सगळीकडे भंडारा, म्हणजे हळदीची पूड. लग्न झालेले जोडपे दर्शनाला आले की नवरा नवरीला उचलून पहिल्या काही पायऱ्या चढतो. या पायऱ्यांच्या मध्यावर बाणाईचे देऊळ आहे. म्हाळसा मात्र वर, गाभाऱ्यात.

ग्रंथालयात रा. चिं. ढेरे यांचे 'खंडोबा' मिळाले. खंडोबा एकट्या महाराष्ट्राचा नाही. कर्नाटकात तो मैलार, तेलुगू मुलखात मल्लण्णा. आपण 'येळकोट' म्हणतो त्यातला 'येळ' कन्नडमधला 'सात' असल्याचे सांगतात. येळकोट म्हणजे सात कोटी. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. लोककथांत देवाला आणखी तिघी आहेत : रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई भागवीण. चंदाई तर मुसलमान! ज्या ज्या लोकांनी हा देव आपला मानला त्यांनी त्याला आपली लेक दिली, असा अर्थ मी लावला.

बाणाईची कथा अशी. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यावर देव 12 वर्षे घराबाहेर पडला. मालेगावजवळच्या चंदनपुरीत म्हाताऱ्याच्या वेषात बाणाईच्या बापाची मेंढरे राखू लागला. एके दिवशी त्याने सगळी मेंढरे मारून टाकली आणि ती जिवंत करण्याच्या बदल्यात बाणाईला मागितले. (आमच्याकडे कोणी असे केले असते तर त्याला बांधून घातला असता.) तिला घेऊन तो जेजुरीला आला आणि दोघी सवतींचे भांडण सुरू झाले.

गुंटर सोंथायमर या जर्मन विद्वानाने धनगरांमध्ये हिंडून त्यांच्या ओव्या गोळा केल्या. ते वाचून मला लाज वाटली. परदेशातला माणूस इथे येऊन विचारून गेला, आणि मी घरातल्या आजीला एकदाही विचारले नव्हते.

यंदा माघी पौर्णिमेला आजीबरोबर गेले. तिचे गुडघे धरले आहेत. बाणाईच्या देवळापाशी ती बसली, तेव्हा मैत्रिणीचे बोलणे मी तिला सांगितले. तिला राग आला नाही.

"आगं, वाटणी हाय ती. वरला डोंगर म्हाळसाचा, खालला बानूचा. वाटणीत कुनी वर ऱ्हातं, कुनी खाली. आन् मला सांग, देवाकडं निघालेल्या मानसाला आधी कोन भेटतं?"

मला पटले, आणि पुरते पटलेही नाही. वरचे तट आणि ओवऱ्या होळकरांच्या काळातल्या आहेत. होळकर धनगरच, मल्हाररावांचे नावही या देवाचेच. एवढे दगड वर चढवणाऱ्यांना बाणाईला वर नेणे जड नव्हते. तरी त्यांनी तिला हलवले नाही. मी आजीला तेही विचारले.

"तिचं घर हाय हितं. घरातनं कशाला उठवायची?" आजी म्हणाली. मग माझ्या कपाळाला भंडारा लावून तिने खोबऱ्याची वाटी माझ्या हातात दिली. "तू जा वर. म्हाळसालाबी दे. मी बसते बानूपाशी."

मी वर निघाले. अर्ध्या कमानीतून वळून पाहिले, तर आजी शेजारी टेकलेल्या कुणा बाईला गाव विचारत होती.