मर्यादेची वही

संघाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्या घराण्याविषयी चार शब्द लिहून द्यावेत अशी सूचना केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. घराण्याविषयी लिहावयाचे म्हणजे पूर्वजांनी कोणती दाने दिली, कोणत्या बस्तीचा जीर्णोद्धार केला, याची जंत्री यावयाची हे ठरलेलेच. तशी थोडी जंत्री आमच्याकडेही आहे. परंतु ती बस्तीच्या भिंतीवर संगमरवरात कोरून झालेली आहे. जे कोठेच कोरलेले नाही ते या निमित्ताने लिहून ठेवावे असे मनात आले. वय ऐंशीच्या पुढे गेले आहे; पुढील स्मरणिकेवर टाकण्यात अर्थ नाही.

आमचे मूळ गाव वेदगंगेच्या काठी, निपाणीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घराणे शेतकऱ्याचे. या भागातील आपल्या समाजात नांगर आणि तागडी यांत फारसे अंतर कधी नव्हतेच. एक भाऊ औत धरी, दुसरा बाजारपेठ पाही. आमच्या आजोबांना, सर्वजण ज्यांस अण्णा म्हणत त्यांना, मातृभाषा कोणती असे विचारले तर चटकन् उत्तर देता येत नसे. वहीखाते मराठीत, पेठेतील बोलणे मराठीत, आजीशी वाद घालावयाचा तो कन्नडमध्ये, आणि पहाटेचा णमोकार प्राकृतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याविषयी ज्यांना लिहावयाचे त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. आमच्या वखारीत त्या दिवशी एवढेच घडले की अण्णांनी कीर्दीत नेहमीप्रमाणे 'श्री' काढून तारीख घातली आणि तंबाखूची आवक लिहिली.

होय, तंबाखू. आमच्या घराण्याचे अन्न निपाणीच्या तंबाखूवर शिजले. गावची जमीन चौघा भावांत वाटली गेली तेव्हा अण्णा एका वखारीत दिवाणजी म्हणून लागले आणि काही वर्षांनी स्वतःची वखार भाड्याने घेऊन बसले. १९४३ साली सरकारने तंबाखूवर उत्पादनशुल्क बसविले, तेव्हा अनेक लहान व्यापारी कागदपत्रांच्या जाचाने बाजूस झाले. अण्णांना दिवाणजीगिरीचा सराव होता, म्हणून ते टिकले. आमचे शिक्षण, आमच्या आत्यांची लग्ने, गावच्या बस्तीचा चौथरा, सारे त्या विडीच्या जर्द्यातून निघाले.

आता या ठिकाणी एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. श्रावकाचाराच्या ग्रंथांत गृहस्थाने टाळावयाचे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांना कर्मादाने म्हणतात. आणि त्यांत विषवाणिज्य आहे. आजीचा स्वाध्याय चांगला होता. ती हा विषय वर्षातून एकदा, बहुधा दशलक्षणपर्वात, काढीच. अण्णांचे उत्तर ठरलेले असे: तंबाखू या देशात पोर्तुगीजांच्या मार्गाने आली, ग्रंथ त्याच्या कितीतरी आधीचे, तेव्हा ग्रंथकारांनी तिला विष म्हटले असे कसे म्हणता येईल? आजी म्हणे, "ग्रंथात नाव नसेल. पण नातवाच्या हाती चिमूटभर द्याल का?" यावर अण्णा उठून वखारीकडे जात. आमच्या घरातील धर्मचर्चेचा शेवट पुष्कळदा असा पादत्राणे पायांत सरकवून होत असे. आजीचा प्रश्न मात्र मिटलेला नव्हता, हे आम्हांस पुढे कळले.

१९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर यमसल्लेखना घेतल्याची वार्ता आली. आमच्या भागास महाराज परके नव्हते. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचे भोज हे त्यांचे गाव. संसारात असताना त्यांचे कापडाचे दुकान होते, आणि ग्राहकाने आपल्या हाताने कापड मोजून घ्यावे, हिशेबही आपणच करावा, असा तेथला रिवाज होता असे आमच्याकडील म्हातारी माणसे सांगत. ही गोष्ट अण्णा आम्हांस वारंवार ऐकवीत आणि नंतर थोडा वेळ गप्प बसत. तंबाखूच्या वखारीत मोजमाप शेतकऱ्याच्या हाती कधीच नसे, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते, त्यांना होते.

आमचे वडील पूर्वीच निवर्तले होते. अण्णांनी आम्हांस, चौदा वर्षांच्या मुलास, बरोबर घेतले. मोटारीने मिरज, तेथून अरुंद रुळांची बार्शी लाइन. पावसाळ्याचे दिवस, डब्यात माणसे दाटीवाटीने बसलेली, आणि गाडी चढावर इतकी हळू चाले की पोरे उतरून पुन्हा चढत. पंढरपुरास वारकरी उतरले, कुर्डुवाडीस आणखी काही. पुढे बार्शीपर्यंत डब्यात बहुतेक आपलेच लोक राहिले. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, धारवाड, सारीकडची बोली एका डब्यात. बार्शीहून मोटारीने डोंगराच्या पायथ्याशी गेलो. आम्हांस महाराजांचे दर्शन फार दुरून झाले. अस्थिपंजर देह आणि मागे धरलेले छत्र, एवढेच स्मरते. त्यांचा अखेरचा उपदेश मराठीत झाला, तो ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आहे. तो आम्ही पुढे ऐकला. १८ सप्टेंबरला त्यांची समाधी झाली. त्याआधीच आम्ही परतलो होतो, कारण आवकेचे हिशेब थांबले होते. हे लिहिताना आजही कानकोंडे वाटते.

परंतु परत येण्यापूर्वी अण्णांनी तेथे एका त्यागी महाराजांसमक्ष परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतले. घरी आल्यावर एक नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले: वखार एक, भाड्याची, शेत आठ एकर, सोने पंचवीस तोळे, माल व रोकड मिळून चाळीस हजार रुपये, त्यावर जे येईल ते आहार, औषध, अभय व शास्त्र या चार दानांत जावे. खाली सही. त्याखाली आजीचा अंगठा. तिला वाचता येई, पण लिहिण्याचा सराव नव्हता. तंबाखू सोडण्याचे धैर्य अण्णांना झाले नाही. तिला कुंपण घालण्याचे झाले. हे पुरेसे होते की नव्हते याचा निवाडा आम्ही करणार नाही. १९६३ साली ते गेले तेव्हा वहीतील मर्यादा शाबूत होती, इतके आम्ही हिशेब पाहून खात्रीने सांगू शकतो.

नंतर वखार आमच्या हाती आली. वय बावीस. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले होते. मागोमाग मण-शेर जाऊन किलोग्रॅम आला. रुपयाचे मोल दरवर्षी उतरत होते. व्यापारी माणूस असा विचार करतो की अण्णांचे चाळीस हजार आजचे किती धरावेत? हा प्रश्न गैर नव्हता. गैर हे की त्याचे उत्तर आम्ही आमच्या सोयीने काढले. १९६८ साली वहीत अण्णांच्या ओळीखाली आम्ही नवा आकडा लिहिला. १९७२ साली आणखी एक. १९७६ साली तिसरा, आणि वखारी एकऐवजी तीन. त्यानंतर वहीत काही नाही. रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत त्यांत 'विस्मय' हा एक आहे: दुसऱ्याची संपत्ती पाहून डोळे विस्फारणे. निपाणीच्या पेठेत त्या काळी विस्मयास तोटा नव्हता.

१९८१ साली मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू-शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. मागणी भावाची होती. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. त्या दिवशी आम्ही वखारीची दारे आतून लावून बसलो होतो. आमच्याकडे वर्षानुवर्षे माल घालणारा एक शेतकरी त्यानंतर पुन्हा आला नाही. तो जिवंत होता, नांदता होता, आठवड्याच्या बाजारात दिसे. फक्त आमच्या दारी येईना. त्याचे खाते आम्ही उघडून पाहिले. दर वर्षी वजनात कडता म्हणून कापलेला माल एकत्र केला तर एक पूर्ण बोद भरत होता. शेतकऱ्याने आपल्या हाताने मोजावे ही भोजची गोष्ट त्या रात्री प्रथम समजली. पुढच्या हंगामापासून आमच्या वखारीत कडता बंद केला. शेजाऱ्यांनी आम्हांस वेडे ठरविले, आणि नफ्याकडे पाहता ते चुकीचे नव्हते. १९९४ साली तंबाखू सोडली. मुलाने बेळगावात पाइप व पंपांचे दुकान घातले होते, त्याच्या आधाराने सोडली. पोटास चिमटा बसला असता तर सोडली असती की नाही, सांगवत नाही.

येथवरचे सारे आमच्या कुटुंबात सर्वांस ठाऊक आहे. पुढचे थोडे निराळे आहे.

२०१८ साली जुना वाडा रिकामा करावयाचा होता. माळ्यावरून चोपड्यांची बासने उतरविली. नातू संगणकावर जुन्या हिशेबांची यादी करू लागला, तेव्हा त्याने सहज विचारले, "आजोबा, या 'बाया' म्हणजे कोण?" रोजच्या खर्चाच्या बाजूस ओळ असे: बाया अडतीस, रोजंदारी इतकी. बाया एक्कावन्न. बाया बाहत्तर. दिवाणजी, हमाल, गाडीवान यांची खाती नावाने होती. बैलांचीदेखील नावे चाऱ्याच्या हिशेबात सापडली. तंबाखू बडविणाऱ्या, चाळणाऱ्या, देठ निवडणाऱ्या बायका मात्र पन्नास वर्षे संख्येनेच आल्या आणि गेल्या. आम्ही नातवास उत्तर देऊ शकलो नाही. चेहरे डोळ्यांसमोर येत होते: नाकास पदर बांधलेल्या, भुवयांपर्यंत धुळीने पिवळ्या झालेल्या. दोघींचीच नावे आठवली.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी, भाद्रपद वद्य प्रतिपदेस, बस्तीतून परतताना आम्ही नेहमीप्रमाणे आप्तेष्टांकडे गेलो नाही. जुन्या मुकादमाच्या मुलास घेऊन गावाबाहेरच्या वस्तीत गेलो. त्या दोघींपैकी एक हयात निघाली. वयाने आमच्याच बरोबरीची. बाराव्या वर्षी वखारीत आली होती. आम्ही हात जोडून जे म्हणावयाचे ते म्हटले. तिला काही उमगले असे दिसले नाही. तिने चहा टाकला. मग खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. आम्ही औषधाची बाटली नेली होती. औषधदान, हे मनात आले आणि लाज वाटली, कारण तो खोकला आमच्याच वखारीतला होता.

खोकला ओसरल्यावर ती म्हणाली, "अण्णांच्या येळंला दिस बुडायच्या आत वखार बंद व्हायची, मालक. त्यांस्नी उजेडात जेवायचं असायचं. आमीबी उजेडात घर गाठायचो. तुमी लायटी लावल्या."

रात्रिभोजनत्यागाचे पुण्य कोणास लागते याविषयी आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. अण्णांच्या सूर्यास्तापूर्वीच्या जेवणावर सत्तर बायकांची संध्याकाळ अवलंबून होती, हे कोणत्याही प्रवचनात आले नव्हते. आम्हीही रात्री जेवत नाही, कधीच जेवलो नाही; हंगामात घरून डबा मागवून पाच वाजता वखारीत जेवून घेत असू आणि मग दिवे लावून काम नऊपर्यंत चाले. व्रत अभंग राहिले होते.

आम्ही तिला नावे विचारली. "आता लिवून काय करताय?" ती म्हणाली, मग स्वतःच बोटे मोडीत मोजू लागली. अकरा नावे सांगितली, त्यांतील बऱ्याचजणी निवर्तलेल्या. कोण कोणत्या ओळीत बसे, कोणाचे मूल पोत्यांच्या मागे झोळीत असे, तेही सांगितले. निघताना म्हणाली, "दोघी अजून हायत, त्यांच्याकडंबी जावा. त्यांस्नी दिसत न्हाई, तवा तुमचं नाव सांगा, न्हाईतर वळखायच्या न्हाईत."

तेव्हापासून जातो आहोत. अण्णांच्या वहीत १९७६ च्या आकड्यापुढची पाने कोरी होती, त्यांवर नावे लिहीत आहोत. २०२० साली टाळेबंदीत जाणे खुंटले, आणि त्याच वर्षी ती पहिली बाई गेली. तिच्या मुलीने दूरध्वनीवर आणखी चार नावे दिली. आजवर एकतीस झाली आहेत. नावे येथे छापलेली नाहीत, कारण त्यांच्या घरच्यांना विचारले तेव्हा काहींनी हो म्हटले, काहींनी नको म्हटले. वही आमच्या बैठकीच्या खोलीत आहे, ज्यास पाहावयाची त्याने यावे.

चोपडीतील एका दिवसाची सर्वांत मोठी संख्या बाहत्तर आहे. त्या काळी एका वखारीतील बायका हंगाम संपला की दुसऱ्या वखारीत जात. तेव्हा निपाणीच्या ज्या सभासदांच्या घरी १९५० ते १९९० या काळातील वखारीच्या जुन्या हजेरीपट्ट्या अथवा उचलीच्या चिठ्ठ्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी संघाच्या कचेरीत कळवावे. आम्ही स्वतः येऊन पाहू आणि उतरून घेऊ. दिवसा येऊ, संध्याकाळी पाचनंतर आमची जेवणाची वेळ असते.