पदकामागील ऋण

मुलांनो, यात्रेच्या दिवसांत भरणारी कुस्त्यांची दंगल तुम्ही पाहिली असेल. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-फैजपूरकडे असो, की कृष्णाकाठी कऱ्हाडकडे असो, तिची रीत सारखीच. मल्ल आखाड्यात उतरला, की प्रथम मातीला वंदन करतो, प्रतिस्पर्ध्याच्या हाती हात देतो आणि मगच झुंजीला प्रारंभ करतो. ज्याच्याशी लढावयाचे, त्याचाही मान राखावा, हा या खेळाचा पहिला धडा होय. पण आखाड्यात मल्ल एकटा दिसला, तरी तो खरोखर एकटा असतो काय? खाशाबा जाधव यांची हकिगत वाचा, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. बालपणापासून खाशाबांनी मातीत डाव शिकावेत, यात नवल ते काय! पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकू लागले. १९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला.

तेथे मात्र माती नव्हती. कुस्ती गादीवर होती. आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली, म्हणजे निकाल लागतो. गादीवर ठरलेल्या वेळात कोणी चीतपट झाला नाही, तर पंच निकाल देत. पाय रोवण्याची रीत निराळी, नियम निराळे. तरीही या तरुणाने सहावा क्रमांक पटकावला. अपयशाने तो खचला नाही. उलट, नव्या पद्धतीचा त्याने जिद्दीने अभ्यास केला.

१९५२ साली हेलसिंकी येथील सामन्यांसाठी खाशाबांची निवड झाली. पण जाण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? गोरगरीब गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. तेवढ्याने भागेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर पुढे झाले. आपल्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थी जिंकेलच, याची हमी त्यांना कोणी दिली होती? कोणीही नाही. आखाड्यात उतरण्यास धैर्य लागते, तसेच दुसऱ्यावर विश्वास टाकण्यासही लागते.

हेलसिंकीत खाशाबांनी एकामागून एक कुस्त्या जिंकल्या. जपानच्या इशी याच्याशी झालेल्या प्रदीर्घ झुंजीत ते हरले आणि पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले. तीही कुस्ती हातची गेली. तथापि २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांना मिळाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. असे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

खाशाबा परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु त्या जयजयकारातही गुरूंचे गहाण पडलेले घर ते विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यांतून मिळालेल्या पैशांतून ते घर सोडवून दिले. पदक जिंकणे हा पराक्रम खराच. पण ऋण स्मरणे आणि ते फेडणे, हाही पराक्रमच नव्हे काय?

१९८४ साली खाशाबांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आज महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या मैदानावरही एखादा मुलगा अनवाणी धावत असेल. एखादी मुलगी खो-खोत उत्तम खेळत असूनही स्पर्धेच्या गावी जाण्याचे भाडे नाही म्हणून मागे राहत असेल. त्यांच्याकडे पाहा. घर गहाण टाकणे तुम्हांला शक्य नाही. पण आपले जोडे देणे, वर्गणी काढणे, हरलेल्याला हात देऊन उठवणे, एवढे तर प्रत्येकास शक्य आहे!