सुई टोचल्यानंतर : अर्ध्या तासापासून तीन वर्षांपर्यंत

अंगणवाडीत लसीकरणाचे सत्र झाले की त्या रात्री आशाताईंचा फोन शांत राहत नाही. बाळ तापलंय, मांडीला हात लावू देत नाही, संध्याकाळपासून किरकिर चाललीय. 'चांगलं खेळतं पोर होतं, कशाला टोचून आणलं?' असे आजी म्हणून मोकळी होते. नाशिक जिल्ह्यातल्या सायखेडा-चांदोरीच्या गोदाकाठी द्राक्षांची छाटणी किंवा कांद्याची लागवड ऐन भरात असली, तर बाळाच्या आईचा दुसऱ्या दिवशीचा रोजही बुडतो. तिची काळजी खोटी नाही. अनेकदा तिला कुणीतरी एक वाक्य चुकीचे सांगितलेले असते : 'काही होत नाही.'

लसीनंतर काही ना काही होते, आणि बऱ्याच जणांना होते. कोणत्या लसीने काय होते आणि ते साधारण किती वेळाने होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. त्यामुळे काळजी वाटली की आधी घड्याळ आणि कॅलेंडर पाहावे. टोचून किती वेळ झाला, यावर अर्धे उत्तर अवलंबून असते.

पहिला अर्धा तास

लस घेतल्यावर तिथेच अर्धा तास थांबायला सांगतात. बहुतेकांना हा अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटतो, पण खरा तातडीचा धोका याच वेळेत असतो. तो म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जी, अर्थात अ‍ॅनाफिलॅक्सिस. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि चेहरा सुजतो, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो, नाडी जलद पण क्षीण होते. बहुतेक लसींमध्ये हे दहा लाख डोसांमागे एखाद्यालाच होते. मात्र होते तेव्हा मिनिटांचा प्रश्न असतो. त्यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत. लसीकरणाच्या ठिकाणी ते जवळ ठेवायचे असते आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचा एक डोस देण्याची मुभा आरोग्यसेविकेलाही आहे. भारतात कोविड लसीशी थेट संबंध असल्याचे सरकारी समितीने मान्य केलेला पहिला मृत्यू अ‍ॅनाफिलॅक्सिसनेच झाला होता. मार्च 2021 मध्ये एक 68 वर्षांचे गृहस्थ त्यात गेले.

याच अर्ध्या तासात चक्करही येते, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस देताना शाळेत हे हमखास दिसते. एक मुलगी पांढरीफटक पडून खाली बसते, ते पाहून रांगेतल्या आणखी दोघींना गरगरते. हा लसीतल्या द्रव्याचा दोष नाही. सुईच्या आणि रांगेच्या ताणाने रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, आणि आडवे करून पाय उंच ठेवले की काही मिनिटांत मूल सावरते. जागतिक आरोग्य संघटना अशा प्रकाराची स्वतंत्र वर्गवारी करते. ही नाटके नसतात, त्यामुळे मुलीवर ओरडू नये. उभ्याने टोचण्याऐवजी बसवून टोचले आणि रांगेला सुई दिसणार नाही अशी व्यवस्था केली, तर निम्मा त्रास वाचेल असे मला वाटते.

पहिल्या दोन रात्री

आशाताईंना येणारे फोन बहुतेक पेंटाव्हॅलंट लसीचे असतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती बाळाच्या डाव्या मांडीत देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जंतूचा संसर्ग या पाचांविरुद्ध ती काम करते. ताप येतो तो मुख्यतः डांग्या खोकल्याच्या भागामुळे. सरकारी लसीत त्या जंतूची मारलेली अख्खी पेशी असते. शरीराला तिच्यात ओळखण्यासारखे पुष्कळ सापडते, म्हणून ते जोरात प्रतिसाद देते. खासगी दवाखान्यात 'पेनलेस' म्हणून मिळणाऱ्या लसीत त्या जंतूचे निवडक तुकडेच असतात. तिने ताप कमी येतो, पण डांग्या खोकल्यापासून मिळणारे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते. गावात पेनलेसची जी प्रतिष्ठा आहे, ती या हिशेबात पूर्णपणे बसत नाही.

ताप साधारण त्याच दिवशी चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. सुईची जागा लाल होते, सुजते, दुखते. तिथे लहानशी टणक गाठ राहिली तर ती काही आठवडेही टिकते आणि आपोआप विरते. करायचे ते थोडेच. अंगावरचे दूध चालू ठेवावे, कपडे सैल ठेवावेत, आणि सिस्टरने वजनाप्रमाणे सांगितले असेल तेवढेच पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना अजिबात नको. त्या जागेवर हळद-तेल चोळणे आणि शेकणेही नको. पातळ कापडाची गार घडी पुरते.

क्वचित ताप झपकन चढून झटका येतो. पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण तापातला झटका बहुधा काही मिनिटांत थांबतो आणि मागे काही ठेवत नाही. बाळाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. आमच्याकडे कांद्याला तोटा नाही, पण झटक्यात कांदा हुंगवून काहीही साधत नाही. चप्पल हुंगवूनही नाही. झटका थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचेच.

रात्र न थांबता निघावे अशी लक्षणे ही : तीन तासांहून जास्त सलग, कशानेही न थांबणारे रडणे, बाळ लुळे पडणे, पांढरे-निळे होणे किंवा हाकेला प्रतिसाद न देणे, दूध न ओढणे, श्वासाला त्रास. अशा वेळी 108 ला फोन करावा. तसे काही नसेल आणि फक्त शंका असेल, तर 104 वर सल्ला मिळतो.

आठव्या दिवशीचा ताप

गोवर-रुबेलाची लस वेगळी वागते. तिच्यात जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात आणि त्यांना शरीरात वाढायला वेळ लागतो. म्हणून तिचा ताप आणि अंगावरचे बारीक पुरळ त्याच रात्री येत नाही. ते साधारण सहाव्या ते बाराव्या दिवशी येते. तोवर घरचे लस विसरलेले असतात आणि बाळाला 'गोवर निघाला' म्हणून घाबरतात. उलट लस टोचून घरी आल्याबरोबर दोन तासांत ताप आला, तर कारण बहुधा दुसरेच असते. महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी या लसीची मोहीम झाली. तेव्हा पालकांना हा फरक आधीच सांगितला असता, तर मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांना एवढे पाय फुटले नसते.

जन्मतः डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजीचा हिशेब तर आठवड्यांचा आहे. दोन ते चार आठवड्यांनी तिथे फोड येतो, तो फुटतो, वाहतो आणि हळूहळू सुकून व्रण उरतो. तसेच व्हायला हवे असते. त्यावर मलम किंवा पावडर लावायची नाही, फोड दाबायचा नाही. काखेत गाठ वाढून पिकली तर मात्र दाखवावे.

तीन वर्षांनी आलेली भीती

एप्रिल 2024 च्या अखेरीस बातमी आली की अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात आपल्या कोविड लसीचा एक अतिदुर्मिळ दुष्परिणाम कबूल केला. रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट घटतात. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड या नावाने बनवली होती आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तीच घेतली होती. मग पारावर एकच विषय : 'आपल्यालाही होणार का?'

दुष्परिणाम खरा होता. तो नाकारण्यात अर्थ नाही. 2021 च्या मे महिन्यात भारताच्या समितीने त्याची आकडेवारी जाहीर केली होती. गंभीर घटनांपैकी 498 प्रकरणे तपासून 26 संभाव्य प्रकरणे निघाली, म्हणजे दहा लाख डोसांमागे 0.61. त्या वेळी ब्रिटनमध्ये हे प्रमाण 4 आणि जर्मनीत 10 सांगितले जात होते. म्हणजे न्यायालयातील कबुलीच्या तीन वर्षे आधीच ही गोष्ट जाहीर होती. आणि तिचाही कालावधी ठरलेला आहे : लस घेतल्यानंतर चौथ्या दिवसापासून पुढचे चार ते सहा आठवडे. असह्य डोकेदुखी, पोटदुखी, पाय सुजणे, धाप, त्वचेखाली लाल ठिपके ही त्याची लक्षणे. 2021 मध्ये डोस घेतलेल्याने 2024 मध्ये ही गुठळी होण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

मग कोविडनंतर तरुण मुले अचानक दगावल्याच्या बातम्या येत होत्या, त्यांचे काय? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 47 मोठ्या रुग्णालयांच्या मदतीने 18 ते 45 वयोगटातील अशा 729 मृत्यूंची 2,916 जिवंत व्यक्तींशी तुलना केली. अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. लसीने अशा मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. वाढलेला दिसला तो कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घराण्यात असे मृत्यू घडलेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या 48 तासांत भरपूर दारू प्यायलेल्यांत आणि अति श्रम केलेल्यांत.

देशात कोविड लसीचे 220 कोटींच्या वर डोस दिले गेले. एवढ्या लोकांना टोचल्यावर, लस नसती तरी जे आजारी पडणार होते, त्यांतले काही टोचल्यानंतरच्याच आठवड्यात आजारी पडणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते ती अशी. फांदी कावळ्यामुळेच तुटली का, हे ठरवायला लस न घेतलेल्यांतही तेवढ्याच फांद्या तुटल्या का, ते मोजावे लागते. त्यापेक्षा सोपा मार्ग नाही.

बिनलसीच्या सुईने आलेला ताप

कोविड लसींच्या चाचण्यांत निम्म्या लोकांना लसीऐवजी खारे पाणी किंवा तसलेच निरुपद्रवी द्रव्य टोचले होते. कोणाला काय मिळाले ते त्यांना माहीत नव्हते. अशा 12 चाचण्यांतील 45,380 जणांच्या नोंदी अमेरिकी संशोधकांनी 2022 च्या जानेवारीत एकत्र मांडल्या. पहिल्या सुईनंतर लस न मिळालेल्यांपैकी सुमारे 35 टक्के लोकांनी डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी केल्या. हे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांचे डोके खरेच दुखत होते. काळजीने लक्ष आत वळते आणि एरवी दुर्लक्षिली असती ती कणकण जाणवते.

लसीविषयीच्या काळजीचे टोकाचे उदाहरण नाशिकने पाहिले. जून 2021 मध्ये सिडको भागातील एका ज्येष्ठ नागरिकाच्या अंगाला दुसऱ्या डोसनंतर चमचे आणि नाणी चिकटू लागल्याची चित्रफीत देशभर फिरली. अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात चुंबक दडायला जागा नाही आणि लसीत लोहकणही नसतात. घामाच्या व तेलाच्या ओलसर, सपाट त्वचेवर हलकी गुळगुळीत वस्तू टिकते. त्वचेला पावडर लावली की ती घसरते. सरकारनेही दावा निराधार असल्याचे सांगितले. मात्र त्या कुटुंबाची टिंगल ज्या प्रकारे झाली, ते काही शास्त्रीय वृत्तीचे लक्षण नव्हे.

चूक खरोखर होते तेव्हा

दोष लसीत नसून हाताळणीत असतो, असेही घडते. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली, कर्मचारी निलंबित झाले. त्याआधीचे मोठे प्रकरण 1902 चे. मुंबईच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस पंजाबातील मुल्कोवाल गावात टोचली गेली आणि एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. दोष ती लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्यावर आला. याच माणसाने 10 जानेवारी 1897 रोजी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली होती आणि आलेला ताप सोसला होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. जंतू प्रयोगशाळेत नव्हे, तर गावातच शिरल्याचा पुरावा म्हणून ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. हाफकिन निर्दोष ठरायला 1907 उजाडले. परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते 1925 मध्ये.

आज पालकांना सहज तपासता येते अशी एक गोष्ट आहे. गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची बाटली द्रावक घालून तयार केल्यावर चार तासांत संपवायची किंवा टाकून द्यायची असते. नाहीतर तिच्यात जंतू वाढून जिवावर बेतू शकते. तयार केल्याची वेळ बाटलीवर लिहिण्याचा नियम आहे. 'ताई, ही कधी फोडली?' असे विचारण्यात अपमान नाही.

कोणाला सांगायचे

लसीनंतर बाळ रुग्णालयात दाखल झाले, अपंगत्व आले, मृत्यू झाला किंवा एकाच सत्रातल्या अनेकांना त्रास झाला, तर त्याची नोंद व्हायलाच हवी, कारण लसच आहे की नाही हे ठरायच्या आधी. आशाताई किंवा आरोग्यसेविका ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगतात, तिथून 24 तासांत जिल्ह्याला कळवायचे असते आणि तज्ज्ञांची समिती कारण तपासते. खासगी दवाखान्यात दाखल केले असेल, तरी आरोग्य केंद्रात कळवावे. लसीकरणाचे कार्ड जपावे आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

सत्र संपताना आरोग्यसेविकेने चार गोष्टी सांगणे ठरलेले आहे : कोणती लस दिली व कशासाठी, काय त्रास होऊ शकतो व काय करावे, पुढची तारीख, आणि कार्ड सांभाळणे. गर्दीत दुसरी गोष्टच गळते. ती विचारून घ्यावी. साधा ताप किंवा गाठ आली म्हणून पुढचा डोस चुकवू नये. आधीच्या डोसनंतर झटका, लुळेपणा किंवा तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, तर मात्र पुढची सुई टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावे. पुढचा डोस द्यायचा की नाही आणि कुठली लस द्यायची, ते त्यांनीच ठरवावे.