सूर्याचे न्यूट्रिनो हरवले नव्हते

सूर्यातून निघालेले दोन तृतीयांश न्यूट्रिनो वाटेत नाहीसे होतात, असं अजूनही सांगितलं जातं. ते नाहीसे होत नाहीत, रूप बदलतात.

हा समज निघाला अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीतून. तिथे दीड किलोमीटर खोलीवर रेमंड डेव्हिस यांनी ड्रायक्लीनिंगच्या क्लोरीनयुक्त द्रवाची सुमारे ३,८०,००० लिटरची टाकी बसवली. न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आदळला की त्या अणूचा आर्गॉन होतो. ते मोजके अणू वेचून मोजायचे. १९६८ पासून आकडा कमीच येत राहिला, सूर्यातून किती न्यूट्रिनो यायला हवेत याचं जॉन बाकॉल यांनी जे गणित केलं होतं, त्याच्या साधारण एक तृतीयांश.

डेव्हिस यांची मोजणीच चुकते आहे, असं अनेकांना वाटलं. पण टाकीत मोजून सोडलेले आर्गॉनचे अणू त्यांनी पुन्हा वेचून दाखवले. सूर्याचा गाभा थंडावतोय की काय, ही त्या वेळची दुसरी शंका मात्र मला रास्त वाटते. गाभ्यातली ऊर्जा प्रकाशरूपाने पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं लागतात. न्यूट्रिनो सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर हजर. गाभ्याची ताजी बातमी तोच आणतो.

निकाल लागला कॅनडात. सडबरीच्या निकेलच्या खाणीत, दोन किलोमीटर खाली, १,००० टन जड पाणी साठवलं होतं. या पाण्यातल्या ड्युटेरियमची एक अभिक्रिया फक्त इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोमुळे होते. दुसरीत ड्युटेरियमचं केंद्रक फुटतं, आणि ते इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ या न्यूट्रिनोच्या तीन प्रकारांपैकी कुठलाही सारख्याच सहजतेने फोडतो. म्हणजे एकाच पाण्यात एका प्रकाराची मोजणी आणि तिन्हींची बेरीजही! या प्रयोगाचं खरं सौंदर्य इथेच आहे. २००१ आणि २००२ च्या निकालांत इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो एक तृतीयांशाच्या आसपास भरले, बेरीज मात्र गणिताशी जुळली. बाकॉल बरोबर होते आणि डेव्हिसही. त्यांच्या क्लोरीनला एकच प्रकार दिसत होता.

हा बदल पंधरा कोटी किलोमीटरच्या प्रवासात होतो, असंही सर्रास लिहिलं जातं. पण सडबरीत मोजलेल्या जास्त ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा बदल मुख्यतः सूर्याच्या आतच, तिथल्या दाट द्रव्यामुळे घडतो. खरी आंदोलनं, म्हणजे प्रवासात रूप पुन्हा पुन्हा बदलत राहणं, जपानच्या कॅमलँड प्रयोगाने पकडली, सरासरी १८० किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांमधून आलेल्या प्रतिन्यूट्रिनोंमध्ये.

न्यूट्रिनोला वस्तुमान नसतं, हे जुनं वाक्यही आता पाठ्यपुस्तकांतून काढायला हवं. वस्तुमानं वेगवेगळी असल्याशिवाय आंदोलन होतच नाही. मात्र आंदोलनांतून वस्तुमानांच्या वर्गांमधला फरक तेवढा कळतो, प्रत्येकाचं वस्तुमान नाही.