बेणारेबाई आणि देशपांडेबाई

खेडेगावातला सार्वजनिक हॉल, दुपारची वेळ. दार उघडून एक तरुण शिक्षिका आत येते. कडी काढताना बोट चिमटलंय, म्हणून तिने ते तोंडात धरलंय. सोबत गावातला साधाभोळा सामंत. मुंबईची बाकीची नाटकमंडळी अजून मागे आहेत. तेवढ्या वेळात ही बाई सामंताशी गप्पा मारते, आपल्या मंडळातल्या एकेकाची नक्कल करून दाखवते, मोकळेपणी हसते. आणखी दोन तासांत हीच माणसं तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करणार आहेत, याची कल्पना तिलाही नसते आणि प्रेक्षकालाही. २० डिसेंबर १९६७ रोजी प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिरात, राज्य नाट्यस्पर्धेत, 'रंगायन' या संस्थेने विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' पहिल्यांदा सादर केलं. दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे. लीला बेणारेच्या भूमिकेत होत्या सुलभा देशपांडे.

बेणारेबाई शाळेत शिकवते. सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. एका भूमिकेने अभिनेत्रीचं नाव कायमचं कोरलं जावं, हे मराठी रंगभूमीला नवीन नाही. पण सुलभा देशपांडे यांच्याबद्दल बोलताना 'बेणारे' म्हणून थांबलं, तर त्यांचं निम्मं काम नजरेआड होतं. त्या जितक्या मोठ्या नटी होत्या तितक्याच मोठ्या बाई होत्या. शाळेतली मुलं ज्या आपुलकीने आणि किंचित धाकाने 'बाई' म्हणतात, त्या अर्थाने. या लेखात दोन्हीचा हिशेब मांडायचा आहे.

जन्म १९३७चा, मुंबईचा. माहेरचं नाव कामेरकर. वडील वसंतराव कामेरकर एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रक होते. ज्या काळात मराठी भावगीत आणि नाट्यगीत तबकड्यांमधून घरोघरी पोचत होतं, त्या काळात हे घर आवाजाच्या कारखान्याशी जोडलेलं होतं. पुढे सुलभाताईंच्या बोलण्यातला प्रत्येक उच्चार स्वच्छ ऐकू यायचा, वाक्याचं शेवटचं अक्षर कधी गिळलं जायचं नाही. त्याचं श्रेय थोडं या घराला आणि बरंचसं शाळेच्या वर्गाला द्यावं लागेल. शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत ओरडल्याशिवाय पोचायचं, ही कला शिक्षकाला रोज कमवावी लागते.

छबिलदासमध्ये त्यांनी मुलांना घेऊन नाटकं बसवली. मुलांसाठी लिहिलेली चांगली नाटकं त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या काळात तेंडुलकरांनी मुलांसाठी बरंच लिहिलं; 'इथे बाळे मिळतात', 'चिमणा बांधतो बंगला', 'राजाराणीला घाम हवा' ही त्यांतली काही नावं. 'गिधाडे' आणि 'सखाराम बाइंडर'च्या लेखकाची ही बाजू फार कमी वाचकांना आठवते. सुलभाताई ती विसरल्या नाहीत. 'राजाराणीला घाम हवा'वरून त्यांनी १९७८ साली 'राजा रानी को चाहिये पसीना' हा हिंदी बालचित्रपट दिग्दर्शित केला. बाईंचं दिग्दर्शन मुलांपासून सुरू झालं आणि मुलांपाशीच सर्वाधिक रमलं.

'रंगायन' १९६० साली उभी राहिली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे ही त्यातली मुख्य नावं. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, मोजके प्रयोग करणारी, धंद्याच्या गणितापासून मुद्दाम लांब राहिलेली ही संस्था. तिथे सुलभाताई तेंडुलकरांच्या नाटकांतून घडत गेल्या. 'मधल्या भिंती'सारखी घरातल्या घुसमटीची नाटकं त्यांनी केली. त्या वेळी गिरगावात साहित्य संघ होता, परळला गिरणी कामगारांचं आणि कोकणी चाकरमान्यांचं दामोदर नाट्यगृह होतं, १९६५ला दादरला शिवाजी मंदिर उभं राहिलं. लोकप्रिय नाटकांना प्रेक्षकांची वाण नव्हती. तरीही या मंडळींना वेगळं नाटक हवं होतं. माणूस बोलतो ते सोडून जे दडवतो त्याचं नाटक. आणि अशा नाटकाला वेगळी नटी लागते.

'शांतता!'त हे सगळं एकत्र आलं. नाटकमंडळ गावात आलंय ते अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला. अण्वस्त्रांबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला, असा त्याचा विषय. संध्याकाळपर्यंत वेळ कसा घालवायचा, म्हणून खेळ ठरतो: एक लुटुपुटीचा खटला, आरोपी बेणारेबाई, आरोप भ्रूणहत्येचा. हळूहळू खेळातून खरं आयुष्य बाहेर ओढलं जातं. मंडळातले पोंक्षे, रोकडे, कर्णिक साक्षी देतात. तिच्या पर्समधल्या टिक-ट्वेंटी या विषाच्या बाटलीचा उल्लेख येतो. वकील सुखात्मे रंगात येतात, न्यायाधीश काशीकर मातृत्वाच्या पावित्र्यावर बोलतात. ज्या प्रोफेसर दामल्यांमुळे ती गरोदर आहे, ते या सगळ्याच्या वेळी गैरहजर. त्यांची रिकामी जागा रंगमंचावर सतत जाणवत राहते.

आणि मग ते स्वगत. तेंडुलकरांच्या मूळ संहितेत ते नव्हतं. बेणारेला शेवटी बोलायला मिळालंच पाहिजे, हा आग्रह दिग्दर्शक देशपांड्यांचा. लेखकाने तो मानला आणि मराठी रंगभूमीवरचं सर्वांत जास्त वेळा अभ्यासलं गेलेलं स्त्रीचं स्वगत जन्माला आलं. आज अभिनयाच्या शिबिरांत, निवड चाचण्यांत, एकांकिकांच्या तालमींत मुली तेच म्हणतात, आणि बहुतेक जणी सुरुवातीलाच रडायला लागतात.

इथेच सुलभाताईंची ताकद कळते. स्वगताची रचना नीट पाहावी. काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बाकीची सगळी पात्रं गोठतात आणि बेणारे बोलू लागते: आयुष्याबद्दल, शरीराबद्दल, कोवळ्या वयातल्या पहिल्या फसवणुकीबद्दल, वर्गातल्या मुलांबद्दल. स्वगत संपतं आणि कळतं की प्रत्यक्षात ती एक शब्दही बोललेली नाही. न्यायालयाच्या कामकाजात ते दहा सेकंद मौनाचे होते. म्हणजे नटीने पानंच्या पानं बोलायचं, प्रेक्षकाला हलवून सोडायचं, आणि तरी हे सगळं न उच्चारलेलं आहे, ही जाणीव आवाजात ठेवायची. रडून मोकळं होण्याची सोय तिथे नाही. सुलभाताईंच्या बेणारेत म्हणूनच शिक्षिका शेवटपर्यंत जिवंत राहते. विचार क्रमाने मांडायची सवय, शब्दावर ताबा, मध्येच उपहासाची धार, आणि मग एखाद्या वाक्याशी तो ताबा सुटणं. जे सुटतं ते मोजकं असतं, म्हणून ते लागतं.

हे आज आपण सांगू शकतो, कारण सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली या नाटकावर मराठी चित्रपट केला आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभाताईंनाच घेतलं. छायाचित्रण गोविंद निहलानींचं. अमरीश पुरी आणि अमोल पालेकर हेही त्यात आहेत. हिंदी-मराठी समांतर सिनेमातली किती तरी माणसं इथे उमेदवारीच्या वयात भेटतात. चित्रपट म्हणून तो काही ठिकाणी अडखळतो, नाटकाची चौकट पुरती सुटत नाही. पण मराठी रंगभूमीच्या एका अव्वल भूमिकेचा चेहरा आणि आवाज त्याने जपून ठेवला. १९६०च्या दशकातल्या किती नटींबद्दल असं म्हणता येईल?

त्याच १९७१मध्ये 'रंगायन'ची माणसं पांगत असताना अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे आणि तेंडुलकर यांच्या साथीने 'आविष्कार' काढली. सुरुवात दणक्यात: गिरीश कार्नाडांचं 'तुघलक', तेंडुलकरांचा मराठी अनुवाद, नायक अरुण सरनाईक. पण संस्थेची खरी ओळख घडली ती तीन वर्षांनी, दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर.

१९७४पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'चे प्रयोग सुरू झाले. सुलभाताईंचे शाळेशी असलेले संबंध इथे कामी आले. सभागृह म्हणजे एक साधी लांबट खोली. कायमचा रंगमंच नाही, विंगा नाहीत, खुर्च्या मांडाल तसं नाट्यगृह. खाली बाजाराचा कोलाहल, गल्लीत श्रीकृष्णच्या बटाटावड्यासाठी लागलेली रांग. या गैरसोयींतूनच नवं नाटक निघालं. प्रेक्षक नटापासून हाताच्या अंतरावर बसला, त्यामुळे मोठमोठ्याने बोलायची आणि हातवारे करायची गरज संपली. भाडं परवडणारं होतं, त्यामुळे प्रयोग पडला तरी संस्था बुडत नव्हती. आणि पडण्याची मुभा असल्याशिवाय प्रायोगिक रंगभूमी उभी राहत नाही, हे देशपांडे पतिपत्नींना आणि काकडेकाकांना नेमकं कळलं होतं.

'आविष्कार'ने ही जागा स्वतःपुरती ठेवली नाही, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट. अमोल पालेकर, सत्यदेव दुबे, जयदेव हट्टंगडी अशा वेगवेगळ्या वळणांच्या दिग्दर्शकांनी तिथे काम केलं. मराठीच्या जोडीला इतर भाषांतली नाटकंही झाली. बादल सरकारांचं 'जुलूस' तिथल्या प्रेक्षकांनी चहूबाजूंनी बसून पाहिलं. लोर्काच्या 'येर्मा'वरून हट्टंगडींनी केलेल्या 'चांगुणा'त रोहिणी हट्टंगडींनी मूल नसलेल्या बाईची तडफड उभी केली. शिवाजी मंदिर तिथून हाकेच्या अंतरावर. एकाच संध्याकाळी दादरमध्ये हाउसफुल्लचा बोर्डही लागायचा आणि शंभरभर माणसांसमोर एखादं बिनचेहऱ्याचं, न कळणारं, अस्वस्थ करणारं नाटकही चालायचं. या शहराचं नाटक त्या दोन्हींमुळे श्रीमंत झालं. पुढे समीक्षकांनी याला 'छबिलदास चळवळ' म्हटलं. तिचे जाहीरनामे कुणी लिहिले नव्हते. खुर्च्या मांडणाऱ्या आणि आवरणाऱ्या माणसांनी ती चालवली.

मुलांसाठीचा 'चंद्रशाला' हा विभागही 'आविष्कार'चाच. 'दुर्गा झाली गौरी' हे त्याचं गाजलेलं नृत्यनाट्य. साठ-सत्तर मुलं एका वेळी रंगमंचावर, त्यांच्या तालमी, शाळेच्या वेळा, पालक, कपडे, डबे. ज्यांनी गॅदरिंगसाठी दहा मुलं सांभाळली आहेत त्यांनाच हे काम काय असतं ते कळेल. एकदा बसवलेलं हे नाटक मुलांच्या नव्या नव्या तुकड्या घेऊन वर्षानुवर्षं होत राहिलं. बालनाट्य म्हणजे विदूषकाच्या टोपीतला पोरखेळ, असा समज ज्या काळात रुजत होता, त्या काळात सुलभाताईंनी मुलांकडून मोठ्यांइतकीच शिस्त मागितली.

सिनेमाने त्यांना मुख्यतः आया, सासवा, शेजारणी दिल्या. त्यातूनही त्यांनी काही चेहरे कायमचे करून ठेवले. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'त (१९७७) त्या नायिका उषाच्या आई झाल्या. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथेवर बेतलेल्या या चित्रपटात मुलीने सिनेमात जाऊ नये म्हणून धडपडणारी ही बाई सहज कजाग वाटली असती. सुलभाताई तिच्या रागाखालची भीती दाखवतात. गाणाऱ्या घराण्याचा डाग मुलीला लागू नये, ही ती भीती. सागर सरहदींच्या 'बाजार'मधली (१९८२) हज्जनबी अगदी उलट टोकाची. गरीब घरच्या मुलींची लग्नं 'जमवणारी' ही मध्यस्थ घरगुती गोडव्याने बोलते, आणि त्या गोडव्याचीच शिसारी येते. 'जैत रे जैत', 'गमन', 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' अशा चित्रपटांतूनही त्या दिसत राहिल्या. हिंदी सिनेमाने त्यांना कधी मध्यवर्ती भूमिका दिली नाही, हे नुकसान सिनेमाचं.

१९८७च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. संसार, संस्था आणि दिग्दर्शक अशा तिन्ही जागा एकदम रिकाम्या झाल्या. त्याच वर्षासाठीचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुलभाताईंना अभिनयासाठी मिळाला. 'आविष्कार' त्यांनी आणि काकडेकाकांनी चालू ठेवली, अरविंद देशपांडे स्मृती महोत्सव दरवर्षी होऊ लागला. १९९२मध्ये छबिलदासचं सभागृह सुटलं आणि संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली. शाळेतून निघालेलं नाटक पुन्हा शाळेतच जाऊन राहिलं.

उतारवयात एका नव्या पिढीला त्या ओळखीच्या झाल्या त्या 'इंग्लिश विंग्लिश'मुळे (२०१२). श्रीदेवीच्या शशीची ही सासू सुनेची पाठराखण करते, फारसं न बोलता. पुतळ्यासारखी आदर्श सासू होण्याचा धोका होता; सुलभाताईंनी तिला साधी, खाऊपिऊ घालणारी, सगळं समजणारी म्हातारी ठेवलं. ४ जून २०१६ रोजी, वयाच्या ७९व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं. तीन वर्षांनी अरुण काकडेही गेले.

आज गिरगावपासून लालबाग-परळ-दादरपर्यंत नाटक करू पाहणाऱ्या मुलांची पहिली अडचण पैशाची नसते, जागेची असते. तालमीला खोली मिळत नाही, शंभर प्रेक्षकांचा प्रयोग कुठे करावा हे कळत नाही, मोठ्या नाट्यगृहाचं भाडं झेपत नाही. याच पट्ट्यात शाळा पुष्कळ आहेत, त्यांतल्या अनेकांना सभागृहं आहेत आणि संध्याकाळी शाळा सुटली की ती कुलूपबंद होतात. एका शिक्षिकेने आपल्या शाळेचं असं एक दार उघडून घेतलं, तर अठरा वर्षं काय काय घडलं ते आपल्यासमोर आहे. शाळांच्या विश्वस्तांनी, माजी विद्यार्थी संघांनी आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी ही सभागृहं नाटकाच्या पोरांना द्यावीत. सुलभाताईंच्या नावाने आणखी एक पुरस्कार सुरू करण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.